पवळीचा हिरवा दिवा

आमच्या फाटकाबाहेर सकाळी जी रांग लागायची, ती दुधासाठी नव्हती. गोमूत्रासाठी होती. मी स्वतः गुरांची डॉक्टर, करंजखोलच्या सरकारी दवाखान्यातली, आणि माझ्याच दारात लोक तांबे, थर्मास, प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन उभे. माझे सासरे, आबा, जन्मभर एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. "सरका पुढे, दारात उभे राहू नका," असं ते त्या रांगेला सुनवायचे आणि लोक खरंच सरकायचे. मला हसू यायचं तेव्हा.

ज्या गाईसाठी हे सगळं चालायचं ती पवळी. तांबूस, बुटकी, आमची गावठी कोकणी गाय. दूध म्हणाल तर घरच्या चहालाही पुरायचं नाही. तिची कीर्ती होती ती तिच्या कानातल्या दिव्यामुळे. घाटावरच्या वाचकांना हा दिवा माहीत नसेल, म्हणून आधी तेवढं सांगते.

आमच्याकडे पावसाळा म्हणजे लेप्टो. लेप्टोस्पायरा नावाचा जंतू आहे, इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नाही. मागची बाजू काळोखी करून तिरका उजेड पाडला, की मग शेवईचा पिळदार तुकडा गरगर फिरावा तसा चमकतो, टोकाला आकडा वळलेला. उपदंशाचा जंतू याच्याच भावकीतला, आणि दोघांची खोड एकच, शरीरात गुपचूप लपून बसायची. हा उंदरांच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या मूत्रपिंडात घर करतो, मुतातून चिखलपाण्यात उतरतो आणि भेगाळलेल्या टाचेतून, डोळ्यातून, तोंडातून माणसात शिरतो. ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. पुढे कावीळ, मग मूत्रपिंडं बसतात. वेळेत औषध मिळालं तर माणूस हमखास वाचतो, पण वेळेत कळणं हीच तर सगळी गोम होती. पहिले काही दिवस रक्ताची तपासणी 'नाही' म्हणते, कारण शरीराने जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयारच केलेली नसतात. ती 'हो' म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. जुनी पक्की तपासणी तर अशी की प्रयोगशाळेत जिवंत जंतू पाळायचे, त्यांत रोग्याच्या रक्ताचं पाणी घालायचं आणि जंतूंच्या गुठळ्या होतात का ते डोळ्यांनी बघायचं. नमुना लांब शहरात जायचा आणि रिपोर्ट कधीकधी माणसाच्या बाराव्याला हजर व्हायचा.

म्हणून दिवा आला. गुरांच्या कानातल्या बिल्ल्यात डासाच्या सोंडेहून बारीक सुई, ती दिवसातून काही वेळा रक्त चाखते. प्रतिपिंडं नसली तर हिरवा दिवा, असली तर लाल. लाल झाला की मी जाऊन इंजेक्शन द्यायची, गोठा बंद, दूध बंद. पाच-सहा पावसाळ्यांत मरणं निम्म्याहून कमी झाली. गेल्या वर्षापासून रुग्णालयात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या मनगटाला आणि बाळंतिणीच्या हातालाही तसाच पट्टा बांधायला लागले. मी कृतघ्न नाही. या दिव्याने किती घरं वाचवली ते मी डोळ्यांनी बघितलंय.

पण आमची माणसं दिव्याला दिवा म्हणून थोडीच ठेवणार. लाल झालेली गाय बरी झाली तरी लोकांना नकोशी झाली. तिला घाटावर विकायची आणि हिरवी घ्यायची. बाजारात लोक गाईची कास बघायचे सोडून आधी कान बघायला लागले. आणि मग ते धार्मिक कार्यातही शिरलं. पूर्वी सुतक फिटायचं असो की बाळंतिणीचं सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, जो तो आपल्या गोठ्यातलं नाहीतर शेजाऱ्याचं गोमूत्र आणून घरभर शिंपडायचा, आचमनापुरतं घ्यायचा. आता हिरव्या दिव्याचंच हवं, तेही जन्मात एकदाही लाल न झालेल्या गाईचं. तशी गाय आसपासच्या वाड्यांत एकच होती. पवळी. कुणी म्हणालं की उकळून घ्या, तर आबाच रागवायचे. मलाही वाटायचं की कुठल्यातरी रोगट गुरापेक्षा तपासलेल्या गाईचं असलेलं बरं.

गणपती होऊन गेले होते, भात पोटरीला आलं होतं. त्या सकाळी घरी गडबड होती. माझी नणंद हेमांगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली होती, आणि त्या दिवशी दुपारी तिचं सुवेर फिटायचं होतं. मी दवाखान्यात एका बकरीचा खूर साफ करत होते, तेवढ्यात ग्लोरियाचा फोन आला. डॉ. ग्लोरिया फर्नांडिस तालुक्याच्या रुग्णालयात माणसांची डॉक्टर. आमची जुनी मैत्री, नाताळात तिच्याकडून नेवऱ्या येतात आणि माझ्याकडून चवथीचे मोदक जातात. फोनवर ती एरवी आधी दोन शिव्या घालते. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "वैजू, आत्ता ये."

तिच्याकडे एक नवं यंत्र आलं होतं. पाव किलोच्या डब्याएवढं, पण करणी मोठी. रक्ताचा किंवा लघवीचा थेंब घातला की त्यातल्या जंतूची जनुकं अक्षर न् अक्षर वाचायचं आणि हा जंतू कुठल्या जंतूचा पोर, त्याची भावंडं कुठे सापडली, सगळी वंशावळ मांडून दाखवायचं. त्यामुळे रोग कुठल्या ओढ्यातून, कुठल्या गोठ्यातून आला ते कळायचं. ग्लोरियाने मला पडदा दाखवला. लेप्टोचे सात रोगी, चार वेगळ्या वाड्यांतले. एक डायलिसिसवर. सातव्या, शाळेतल्या पेडणेकर बाई, पहाटेच गेल्या होत्या. आणि सातही जणांचा जंतू एकाच आईची पोरं. उंदरांशी जुळत नव्हता, ओढ्याच्या पाण्याशी नाही, लाल दिवा लागलेल्या एकाही गुराशी नाही.

मी म्हटलं, बाकीची माझी सगळी गुरं हिरवी आहेत. ती म्हणाली की तेच तर, मग हे आलं कुठून, तू जरा यांच्याशी बोल, तुला गावातलं कळतं.

पहिल्या खाटेवर तारी काका, बँकेतून निवृत्त झालेले. हा माणूस घरातसुद्धा मोजे घालून वावरतो. शेतात गेले नव्हते, ओढ्यात उतरले नव्हते, घरात उंदीर नाही, कुत्रा नाही. नवीन काही घडलं का विचारलं, तर म्हणाले की आई गेली, महिना होत आला. दुसऱ्या खाटेवरची बाई म्हणाली की आमच्याकडे जावेला मुलगा झाला. तिसऱ्याच्या घरी चुलता गेलेला. बाकीच्या खाटांवर जाऊन मी सरळ एकच गोष्ट विचारली, घरात कुणी गेलं की कुणी जन्मलं. प्रत्येकाकडे दोन्हींपैकी एक होतंच.

मी परत तारी काकांकडे गेले आणि गोमूत्र कुठून आणलं होतं ते विचारलं. म्हाताऱ्याने त्या पिवळ्या पडलेल्या हातांनी मला नमस्कार केला.

"तुमच्याकडचाच ता, बाय. पवळीचा."

तिथल्याच स्टुलावर बसले मी. कारण त्या क्षणी मला जे आठवलं ते काही गुपित नव्हतं, ते गुरांच्या प्रत्येक डॉक्टरला दुसऱ्या वर्षी शिकवतात. जंतू मूत्रपिंडात कायमचा राहायला लागला की शरीर हळूहळू त्याच्याशी भांडायचं सोडून देतं. माळ्यावर कुणी लांबचा नातेवाईक वर्षानुवर्षं राहिला, की घरातली माणसं तो आहे हेच विसरतात, तसं. प्रतिपिंडं कमी होत होत संपतात. रक्त स्वच्छ दिसतं. गाय धडधाकट, खातेपिते, आणि रोज मुतातून लाखो जंतू बाहेर टाकते. दिवा फक्त एवढंच बघतो की शरीर लढतंय का. आत शत्रू आहे का हे तो बघतच नाही. आणि आम्ही काय केलं, तर सगळ्या तालुक्याला रांगेत उभं करून तिच्याच दारात आणलं.

मग मला हेमाचं सुवेर आठवलं.

घड्याळ बघायचा धीरही झाला नाही. आबांना फोन लावला. पूजा असली की आबा फोन कपाटात ठेवतात. सासूबाईंना लावला, त्या स्वयंपाकघरात असल्या की त्यांना काही ऐकू येत नाही. हेमाचा फोन बंद, कारण बाळंतिणीने फोन बघितला की डोळे जातात म्हणून सासूबाईंनी तो आठवड्यापूर्वीच काढून घेतला होता. ग्लोरियाने ते वंशावळीचं यंत्र माझ्या पिशवीत कोंबलं. मी स्कूटर काढली. वाटेत माझ्या तोंडून नुसतं "देवा, उशीर होऊ दे, त्यांना उशीर होऊ दे" एवढंच निघत होतं. भटजी नेहमी उशिरा येतात, त्या दिवशी तर मी त्यांच्या उशिरावर जीव टांगला होता.

अंगण ओलं होतं. उंबऱ्यावर, ओटीवर, सगळीकडे शिंपडून झालेलं. भटजी दक्षिणा घेऊन चहा पीत होते. आबा हातात आंब्याची डहाळी घेऊन प्रसन्न चेहऱ्याने उभे होते. हेमा न्हाऊन, केस मोकळे सोडून पाटावर बसली होती आणि मांडीवर बाळ.

"घेतलंस का तू?" मी विचारलं.

"काय, गोमूत्र? दोन आचमनं घेतली. कसलं गं कडू." ती हसत होती. "बाळालाही आईने थेंब लावला जिभेला."

मी दाराची चौकट धरली. सासूबाई मला पाणी आणायला धावल्या, आणि पाण्याचा तांब्या बघून मला आणखीच शहारा आला, कारण गोमूत्राचा तोच तांब्या होता. मी ते सगळं सांगितलं, कसं सांगितलं ते माझं मलाच आठवत नाही. भटजींनी कप खाली ठेवला. आबा ऐकत होते आणि मान हलवत होते, नाही, नाही.

"दिवो हिरवो आसा गे," ते म्हणाले. लहान मुलाला समजवावं तसं.

मी चिडले. दिव्याला काय घेऊन बसलात, म्हटलं, मला तिचं मूत हवं. गोठ्यात गेले तर पवळी मला बघून मागे सरली. मी सुई टोचणारी बाई, माझ्यासमोर ती कशाला मुतते. शेवटी आबाच आले. रोज पहाटे करायचे तसं त्यांनी तिच्या शेपटीखाली ओल्या बोटांनी हळूहळू चोळलं आणि पुटपुटले, "हं, बाय. सोड, बाय." तिने लगेच धार सोडली. तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला. थेंब यंत्रात घातला. गोठ्यात आम्ही दोघंच उभे, पवळी आमच्याकडे मान वळवून रवंथ करत होती आणि तिच्या कानात तो दिवा शांतपणे हिरवा जळत होता.

निकाल थेट ग्लोरियाकडे गेला. तिने फोन केला आणि एकच शब्द बोलली, "तीच."

आबा गव्हाणीच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "मिया माझ्या हातान दिलंय सगळ्यांका."

मी त्यांना धीर द्यायला हवा होता, पण मला तेवढा वेळ नव्हता. हेमाला आणि बाळाला रिक्षात घालून रुग्णालयात आणलं. एवढ्याशा जिवाला सलाईनची सुई लावताना नर्सला शीर सापडेना, तिने दोन्ही हात बघितले, मग पाय, मग डोक्यावर लावली. बाळाच्या एका मनगटाला तो पट्टा होता. हिरवा. सासूबाई त्या पट्ट्याकडे बघून पदराने डोळे पुसत म्हणत होत्या की बघ, हिरवा आहे, काही झालेलं नाही.

आबा रुग्णालयात आले नाहीत. ते एसटी स्टँडवर गेले. करंजखोलहून सुटणारी प्रत्येक गाडी त्यांनी थांबवली, दारात उभे राहिले आणि त्या कंडक्टरी आवाजात सांगितलं की ज्यांनी ज्यांनी माझ्या घरून गोमूत्र नेलं त्यांनी आजच दवाखाना गाठा, माझी गाय आजारी आहे. लोकांना पटेना. कुणी म्हणालं की दिवा हिरवा असताना गाय आजारी कशी, म्हातारा बिथरला. पेडणेकर बाईंच्या घरून कुणीतरी येऊन आमच्या गोठ्यावर दगड मारले. आबा त्यांच्या दारातही गेले. आत कुणी घेतलं नाही, तर बाहेरच पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. पण माणसं आली. दुसऱ्या दिवशी ग्लोरियाच्या दारात आमच्या फाटकापेक्षा मोठी रांग होती, आणि त्यातली बरीच वेळेत आलेली होती.

पवळीला मी इंजेक्शनं दिली, ती आता स्वच्छ आहे. पुढच्या आठवड्यात मी सगळ्या हिरव्या गाईंची लघवी तपासायला घेतली. जे मी बघायला नको म्हणत होते तेच दिसलं. जिचा दिवा कधीच लाल झाला नाही, अशा दर तिसऱ्या गाईत तो जंतू सुखाने नांदत होता. आणि का नांदणार नाही. ज्यांची शरीरं लढली त्या गाई तर आम्ही लाल म्हणून घाटावर विकल्या. ज्यांनी मुकाट्याने जागा दिली त्या हिरव्या म्हणून ठेवल्या, त्यांचीच वासरं वाढवली. आम्ही चांगली पाच-सहा वर्षं निवडून निवडून हेच पेरलं होतं. संध्याकाळी नमुन्यांची पेटी घेऊन परत येताना वाडीतल्या प्रत्येक गोठ्यात ते हिरवे दिवे लुकलुकायला लागलेले दिसायचे. पूर्वी मला ते बघून बरं वाटायचं. आता भीती वाटते. मी वरच्या कचेरीला सगळं लिहून पाठवलंय, अजून उत्तर नाही.

हेमाचा पट्टा आठवड्याने लाल झाला. सासूबाईंनी हंबरडा फोडला. मला मात्र रडू आलं ते आनंदाने, आणि हेमाला मिठी मारून मी म्हटलं, "लढतेय गं तू, लढतेय." तिला वाटलं वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला. औषधं चालूच होती, एक दिवस थोडा ताप आला आणि उतरला. आता ती ठणठणीत आहे.

बाळाचा पट्टा हिरवाच राहिला.

ग्लोरियाला मी विचारलं, खरं सांग, म्हणून. ती म्हणाली की तीन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे तिच्यात काही शिरलंच नाही. दुसरी, शिरलं पण औषध इतकं लवकर मिळालं की शरीराला प्रतिपिंडं करायची गरजच पडली नाही. तिसरी तिने सांगितली नाही, मला ती सांगावी लागत नाही, पवळी माझ्याच गोठ्यात उभी आहे. लघवीची तपासणी स्वच्छ येते, पण हा जंतू रोज बाहेर पडतोच असं नाही, कधी पडतो, कधी महिनाभर पडत नाही. म्हणून बघत राहायचं. किती दिवस, विचारलं, तर तिने माझ्या हातावर हात ठेवला.

हेमाने एकदा बाळाला पाजताना विचारलं, "वहिनी, हिरवा म्हणजे नेमकं काय गं?" मी म्हटलं की झोप आता, तुला विश्रांती हवी.

आमच्या फाटकाबाहेर आता कुणी येत नाही. पवळीच्या कानातला दिवा आबांनी स्वतः पकडीने काढला आणि परसातल्या केळीच्या आळ्यात पुरला. गोठ्यात जायचं ते चारा घालण्यापुरतं. पण पहाटे उठायची सवय काही जात नाही त्यांची. उजाडता उजाडता ते हेमाच्या खोलीशी येतात, दार वाजवतात, हात स्वच्छ धुतात. लघवीच्या नमुन्यासाठी मी दिलेली काचेची छोटी बाटली एका हातात धरून पाळण्यापाशी बसतात, दुसऱ्या हाताची बोटं कोमट पाण्यात भिजवून बाळाच्या ओटीपोटावर हळूहळू फिरवतात आणि वाट बघतात.

"हं, बाय," म्हणतात. "सोड, बाय."